चार बटनांचं सॉफ्टवेअर

फोटोच्या दुकानासमोर घर असलं की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. गहू निवडायला म्हणून ओट्यावर बसावं, तर गहू राहतात तसेच आणि किस्सेच निवडून होतात! माणूस बँकेत गेला की गप्प बसतो, दवाखान्यात गेला की खोटं बोलतो. पण फोटो काढायला स्टुलावर बसला की मनातलं सगळं तोंडावर येतं. आमचे हे म्हणतात, "तुला दुसऱ्याच्या दुकानात डोकवायची लई हौस." असू द्या. कुणीतरी डोकवायलाच पाहिजे ना!

दुकान सुनंदाचं. लातुरातली आमची गल्ली म्हणजे क्लासची गल्ली. खाली क्लास, वर क्लास, जिन्यात मेसचे डबे. त्यातच एका गाळ्यात हा स्टुडिओ. तिचा नवरा वसंतराव जुन्या जमान्यातला फोटोग्राफर. रोल धुणारा, निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं सुरकुत्या घालवणारा. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या माणसांचे ओळखपत्राचे फोटो त्यांनीच काढले. तेव्हापासून ते कुणालाच "हसा" म्हणत नाहीत. नुसतं "इकडं बघा" म्हणतात.

पुढं शुगरनं वसंतरावांची नजर कमी झाली, आणि त्याच सुमाराला रोलही बंद झाले. डिजिटल कॅमेरा आला, कॉम्प्युटर आला, आणि तो चालवायला नांदेडहून गिरीश नावाचा ऑपरेटर आला. तिथून हे सगळं सुरू झालं.

*

गिरीशला फोटो सजवायचं ते मोठं सॉफ्टवेअर यायचं. ते येणारा माणूस तेव्हा गल्लीतून चालायचा तेही मान वर करून. पण पासपोर्ट साइज फोटो त्याच्याकडं दिला की तो मूर्ती घडवायला बसल्यासारखा बसायचा.

एकदा हिमायतनगरचा एक पोरगा आला. फॉर्म भरायची शेवटची दुपार. गिरीशनं त्याचा कान एवढा मोठा केला की सगळ्या स्क्रीनवर कानच कान! मग एकेक केस वेगळा करायला लागला.

पोरगा म्हणाला, "दादा, कान राहू द्या ना. खिडकी बंद होऊन राहिली तिकडं!"

गिरीश म्हणाला, "काम म्हणजे काम. फिनिशिंग पाहिजे."

फिनिशिंग झालं तोवर ऑफिसला कुलूप लागलेलं. पोरगा परत आला, फोटोंकडं बघत बसला. फोटो मात्र खरंच राजबिंडा! शेवटी म्हणाला, "काकू, द्या पाकीट. आता हे लग्नालाच वापरतो!"

त्या पोराचं पुढं लेट फी भरून भागलं. पण त्याच आठवड्यात गिरीश फ्लेक्सच्या दुकानात निघून गेला, आणि सुनंदाचं दुकान बसलं.

*

गाळ्याचे मालक बाबूराव वाईट माणूस नाहीत. पण त्यांच्या कानाशी फिजिक्सचे सर लागले होते. सरांचा क्लास शेजारच्या बिल्डिंगमध्ये, पोरं मावेनात, बाकडी जिन्यात आलेली. त्यांना हा गाळा पाहिजे होता.

बाबूराव सुनंदाला म्हणाले, "सुनंदाबाई, फॉर्मची गर्दी सुरू व्हायच्या आत काम चालू झालं तर ठीक. न्हाईतर मी सरांना शब्द देणार. पुन्हा म्हणू नका, सांगितलं न्हाई."

सुनंदा म्हणाली, "ऑपरेटर पुन्हा ठेवायचा न्हाई. मीच शिकते."

तिनं कॉम्प्युटर चालू केला आणि ते मोठं सॉफ्टवेअर उघडलं. मी मागंच उभी होते. अगं बाई! डाव्या हाताला बटनं, उजव्या हाताला बटनं, वर पट्टी, खाली पट्टी. भांड्याच्या दुकानात शिरल्यासारखं! वाटी पाहिजे, आणि दुकानदार हंडे, परात, घंगाळ दाखवायलाय.

सुनंदानं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "अक्का, मला चारच गोष्टी पाहिजेत. उजेड कमी-जास्त करायचा, कापायचं, मागचं पांढरं करायचं आणि डाग घालवायचा. एवढं करणारं कुठंतरी असंलच की!"

"असंल," मी म्हटलं. मला काय, मी सातवी पास.

*

सल्ले द्यायला मात्र सगळी गल्ली हजर. झेरॉक्सवाला म्हणाला हे घ्या, मोबाईलवाला म्हणाला ते घ्या. न्हाव्यानंसुद्धा एक नाव सांगितलं, आता बोला! कुणीतरी म्हणालं, नांदेडला एक मोठं दुकान आहे, ते समोर बसवून सगळं करून दाखवतात.

गेलो आम्ही. सुनंदा, वसंतराव आणि मी. माझं तिकडं काही काम नव्हतं. पण दोघांना एकटं कसं सोडायचं? अहमदपूरला स्टँडवर भजी खाल्ली, लोह्याला वसंतरावांना जरा मळमळलं, असं करत पोचलो एकदाचे.

दुकानदार लई गोड बोलणारा. त्यानं वसंतरावांचा फोटो काढला, आणि बघता बघता त्यांना काश्मीरला नेऊन बसवलं! मागं बर्फ, शेजारी शिकारा. मग डोंगर काढला, समुद्र लावला. मग म्हणाला, "मॅडम, हाव म्हणा नुसतं. ह्याच्यात हत्तीला पंख लावून उडवता येतं!"

सुनंदा म्हणाली, "मागचं पांढरं कसं करायचं?"

"ते बी होतं ना. आधी ही लेअर घ्यायची, मग हे सिलेक्शन, मग मास्क..."

"लगेच न्हाई होत?"

"शिकायला जरा टाइम लागतो. सहा महिन्यांचा कोर्स आहे आपल्याकडं. पण मॅडम, हत्ती बघा तर खरा!"

सुनंदा उठली. "दादा, आमच्याकडं हत्ती येत न्हाईत हो. सीईटीची पोरं येतात, आणि ती रिक्षा थांबवून येतात!"

येताना बसमध्ये वसंतराव एकच वाक्य बोलले. "काश्मीर मात्र चांगलं होतं."

*

मग फिजिक्सच्या सरांनी मोठ्या मनानं एक सीडी पाठवली. "माझ्या भाच्याची आहे, फुकट वापरा," म्हणाले. आम्हाला वाटलं, माणूस बदलला.

ते सॉफ्टवेअर होतं मात्र सोपं. फोटो टाकला, बटन दाबलं, की झालं. फक्त एक होतं. ते प्रत्येक फोटोला आपल्या मनानं एक चौकट घालायचं. कधी गुलाबाची वेल, कधी फुलपाखरं. सुनंदाला वाटलं, स्क्रीनवर दिसते ती नुसती शोभा असंल, कागदावर कशाला येईल?

आली! तंत्रनिकेतनच्या फॉर्मवर औशाचा एक मिशीवाला दांडगा पोरगा लाल बदामात बसून गेला.

तिथल्या क्लार्कनं फॉर्म परत दिला आणि विचारलं म्हणे, "ॲडमिशन कुणाशी घ्यायचीय?"

पोरगं संतापून आलं. सुनंदानं त्याला पाणी दिलं, फोटो पुन्हा काढला, कात्रीनं कापून हातात दिला. ती सीडी मात्र तिनं टाकून दिली नाही. पापडाच्या डब्याखाली ओलावा लागू नये म्हणून ठेवली. अजून तिथंच आहे.

*

शेवटी सापडलं ते घरातच. कॅमेऱ्याच्या खोक्यात, पुठ्ठ्याच्या खाली, कॅमेऱ्याबरोबर आलेली एक सीडी होती. कुणी उघडूनसुद्धा बघितली नव्हती. त्यात एक साधं, बारकं सॉफ्टवेअर. स्क्रीनवर मोठी मोठी बटनं, चारच.

पण सुनंदा आता पोळलेली. ती म्हणाली, "असं न्हाई घेणार. आधी परीक्षा." आणि माझ्याकडं वळली. "अक्का, तुम्ही बसा."

"मी? अगं, मला टीव्हीचा रिमोट धड येत न्हाई!"

"म्हणूनच तर!"

बसले. वसंतरावांचा फोटो समोर होता. बोट बटनाऐवजी कोपऱ्यातल्या एका बाणावर पडलं, वसंतराव उलटे झाले. डोकं खाली, पाय वर! मी किंचाळले. सुनंदा म्हणाली, "घाबरू नका, पुन्हा दाबा." दाबलं, सरळ झाले. मग पहिलं बटन दाबलं, उजळले. एवढे उजळले की त्यांच्या आईनं ओळखलं नसतं. मग मागचं पांढरं केलं, कापायचं दाबलं आणि बरोबर पासपोर्ट साइजचा चेहरा बाहेर पडला.

सुनंदानं टाळी वाजवली. "अक्काला आलं! आता जगात कुणालाबी येतं. हेच ठेवायचं!"

मी घरी येऊन ह्यांना विचारलं, "हा माझा मान झाला का अपमान?"

हे म्हणाले, "आधी स्वयंपाक झाला का ते सांग."

*

त्या सॉफ्टवेअरमधलं चौथं बटन म्हणजे डाग घालवायचं. दाबलं की मुरूम, देवीचे वण, माशी बसल्यासारखा ठिपका, सगळं साफ. क्लासच्या पोरापोरींना तर ते बटन म्हणजे वरदान! त्या वयात तोंडावर दुसरं असतंय काय?

सुनंदाचा हात बसला. फोटो काढला की आधी ते बटन दाबायचं, मग बाकीचं. रांग लागायला लागली.

आणि एका दिवशी सकाळी एक म्हातारी दारात उभी. मागं सून, डोक्यावर पदर घेऊन, लाजून चूर.

"कोण हाय ती फोटूवाली?"

"मी. काय झालं आजी?"

म्हातारीनं पाकीट टेबलावर आपटलं. "माजा ल्योक जित्ता हाय! सकाळीच दोन भाकरी खाऊन रानात गेलाय! आन् तू हिचं कुक्कू पुसलंस?"

बघतो तर काय! बटनानं सुनेच्या कपाळावरचं कुंकू डाग समजून घालवलेलं. स्वच्छ कपाळ!

सुनंदा हबकली. तिनं आधीच्या दिवसाचे सगळे फोटो उघडले. बघते तर पाच-सहा बायकांची हीच गत! त्यात आमच्या गल्लीतल्या मास्तरीणबाई, आणि वर त्यांचे मिस्टर त्यांच्याशेजारीच ठणठणीत बसलेले!

दिवसभर आम्ही दोघी घरोघरी फिरलो. पाकिटं परत घेतली, नवी दिली. मास्तरीणबाईंच्या मिस्टरांनी जुना फोटो हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "तरीच मला काल रात्रीपासून बरं वाटेना!"

दुसऱ्या दिवशी सुनंदानं कॉम्प्युटरच्या वर एक कागद चिकटवला. जाड स्केचपेननं लिहिलं : "कपाळाला हात लावायचा नाही."

गिऱ्हाईक वाचायचं आणि बुचकळ्यात पडायचं. एक अभ्यासानं पिचलेला पोरगा वाचून म्हणाला, "काकू, लई भारी विचार आहे." वहीत लिहून घेतला त्यानं!

*

कपाळ वाचलं, पण गाल राहिला होता. नायगावच्या एका पोराच्या गालावर तीळ होता, चांगला हरभऱ्याएवढा. बटनानं तो गिळला. पोरगा फोटो बघून जाम खूश. चार वेळा आरशात, चार वेळा फोटोत.

संध्याकाळी त्याची आई आली. बाई गावाकडून सामान घेऊन आली होती, हातात लोणच्याची बरणी तशीच.

"ताई, ह्याचा तीळ कुठं गेला?"

सुनंदा म्हणाली, "काढला. चांगला दिसायलाय की!"

"चांगलं दिसून काय करू? फॉर्मवर खूण म्हणून तोच लिहिलाय. परीक्षेला आत सोडतील का?"

पोरगा कुरकुरला, "आई, फॉर्मवरची खूण बदलू. गुडघ्यावरची लिहू."

आईनं बरणी खाली ठेवली. "गप! जत्रेत हरवला होतास तेव्हा पोलिसाला तोच तीळ सांगितला होता मी. गुडघा सांगितला असता तर अजून शोधत बसले असते!"

तीळ जागेवर आला. जाताना बाईनं बरणीतलं लोणचं वाटीभर काढून दिलं. निम्मं माझ्याकडं आलं. शिस्तात होतं, अगदी चवीचं.

*

निकाल लागले, आणि फिजिक्सचे सर पहिल्यांदाच स्वतः दुकानात आले. हातात एका पोरीचा फोटो. बोर्डात नाव काढलेली पोरगी. तसं तिचं नाव गल्लीतल्या तीन क्लासच्या बोर्डावर आधीच लागलेलं. एक म्हणत होता आमची, दुसरा म्हणत होता आमची. पोरगी बिचारी तीन ठिकाणी तीन फेट्यांत हसत होती.

सर म्हणाले, "मॅडम, एक छोटं काम. हिच्या ड्रेसवर हा बिल्ला आहे ना, दुसऱ्या क्लासचा. तेवढा घालवायचा, आणि आमचा लावायचा. संध्याकाळी फ्लेक्स छापायचाय."

मला माहीत होतं, डाग घालवायचं बटन त्या बिल्ल्यावर दाबलं असतं तर बिल्ला क्षणात गेला असता. वसंतरावांनाही माहीत होतं. आम्ही दोघं सुनंदाकडं बघायलो.

सुनंदा म्हणाली, "सर, पोरगी तुमच्या क्लासला होती का?"

"एकदा टेस्टला आली होती."

"मग ह्यात ते बटन न्हाई."

"असं कसं? सगळ्यात असतं!"

"मोठ्यात असंल. आमचं बारकं सॉफ्टवेअर आहे सर. हत्तीसुद्धा उडत न्हाई ह्यात!"

सरांनी फोटो खिशात घातला आणि थेट बाबूरावांच्या घराकडं वळले. मी दारातून बघितलं. गाळ्याला दुप्पट भाडं द्यायची त्यांची तयारी सगळ्या गल्लीला माहीत होती. वसंतराव म्हणाले, "सुनंदा, तू बिल्ला काढला असतास तर?"

ती म्हणाली, "दुकान राहिलं असतं. मग त्यात बसून रोज काय काय काढावं लागलं असतं?"

*

आता हा शेवटचा किस्सा.

माझ्या वरच्या खोलीत पोरी राहतात. त्यात मनीषा, औशाच्या पलीकडची, भूकंपातल्या गावची. भूकंप झाला तेव्हा पाळण्यात होती. आई त्यातच गेली. आजीनं, आईच्या आईनं, वाढवली. आता बारावीला.

एक दिवस आजी तिला भेटायला आली. गाठोड्यात ज्वारीच्या कण्या, शेंगाचटणी, आणि मधे वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फोटो. मनीषाच्या आईचा. घरातलं सगळं ढिगाऱ्यात गेलं, हा एक औशाला मामाकडं होता म्हणून वाचलेला. ओलीनं डागाळलेला, अर्धा पिवळा. मी म्हटलं, "आजी, चला माझ्यासंगं," आणि दोघींना घेऊन सुनंदाकडं गेले.

आणि नेमकं तेव्हाच बाबूराव आणि सर गाळा मोजायला आलेले. सरांचा हिशेब चालू, किती बाकडी बसतील. बाबूरावांच्या हातात कापडी टेप. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, सर तर मोबाईलवर. बाबूरावांनी ते टोक आजीच्या हातात दिलं. "आजी, एवढं धरा. भिंतीला लावून. सोडू नका."

"न्हाई सोडत," आजी म्हणाली, आणि उभी राहिली भिंतीला टेकून.

सुनंदानं त्यांच्याकडं बघितलंच नाही. फोटो कॉम्प्युटरवर घेतला. उजेड वाढवला. पिवळेपणा गेला. मग एकेक डाग घालवत निघाली, कपाळ सोडून. बघता बघता धुक्यातून कुणी चालत यावं तशी ती बाई वर आली. दारात उभी, कडेवर कळशी, ओठ मिटलेले, पण डोळ्यांत हसू. अठरा-एकोणिसाचीच असंल.

मनीषा शेजारी उभी होती. सुनंदानं एकदा स्क्रीनकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. मीही बघितलं. तेच नाक. तीच हनुवटी.

सुनंदा म्हणाली, "आजी, झालं बघा. मोठा करून देऊ का?"

आजी लांबूनच बघत राहिली, टेप धरून. मग म्हणाली, "बाई, हिला जरा म्हातारी करता येतं का?"

"म्हातारी?"

"लई न्हाई. थोडी. कानापाशी दोन केसं पांढरे कर. डोळ्याखाली जरा. पोरगी आता तिच्याएवढी झाली. येत्या साली थोरली दिसंल तिच्याहून. माय लेकीपरीस बारकी, बरं दिसत न्हाई गं भिंतीवर."

वसंतराव हळूच म्हणाले, "सुनंदा, आपल्या त्याच्यात ते बटन..."

"होईल आजी," सुनंदा म्हणाली. "मला शिकावं लागंल. आठ दिवसांनी या."

तेव्हा सर मोबाईलमधून वर बघून म्हणाले, "आठ दिवसांनी? मॅडम, आठ दिवसांनी हितं दुकान कुठं असणार?"

आजी त्यांच्याकडं वळली. "असंल की! मी धरलंय न्हवं का!"

बाबूराव आजीकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी आपल्या हातातला टेप खाली टाकला, "सर, दुसरीकडं बघा," म्हणाले आणि दाराबाहेर पडले. सर "अहो, अहो" करत मागं.

टेप फरशीवर पडलेला. दुसरं टोक अजून भिंतीला.

सुनंदा म्हणाली, "आजी, सोडा आता ते. गेले ते."

"जाऊं दे त्यान्ला," आजी म्हणाली. "फोटू झाला की सोडते!"